'मला दया पाहिजे, यज्ञ नको': वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात एका वाचकांनी विचारलं होतं की बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याचं 'मला दया पाहिजे, यज्ञ नको' हे वाक्य नेमकं कुणाला उद्देशून आहे, त्याला मी थोडक्यात उत्तर दिलं होतं की ते त्याच्याच माणसांना, इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यातल्या लोकांना होतं, इसवी सनापूर्वी आठव्या शतकात. त्यावर घणसोलीपासून घोडबंदर रोडपर्यंत सगळीकडून मेल आलेत, म्हणून हा सगळा कॉलम त्यालाच देतेय.

प्रश्न : ताई, आम्ही घणसोली गावातले आगरी. माझा मुलगा मागच्या पावसाळ्यात डेंग्यूने खूप सिरियस होता, आयसीयूत होता. तेव्हा सासूबाईंनी आई एकवीरेला बोकडाचा नवस बोलला. मुलगा बरा झाला, आईची कृपा. आता चैत्रात कार्ल्याला जायचं, बोकड द्यायचा, मग गावात जेवण घालायचं असं ठरतंय. पण मिस्टरांचा जॉब गेलाय, हॉस्पिटलसाठी काढलेलं लोन अजून फिटलं नाही आणि जेवण म्हणजे परत उधारी. मुलाला कळलंय की बोकड त्याच्यासाठी कापणार, तो रडतो. वाशीच्या ऑफिसात माझी मैत्रीण वसईची ख्रिश्चन आहे, तिने मला ही दयेची ओळ वाचून दाखवली. आपल्यात असं काही सांगितलंय का? आणि नवस फेडला नाही तर काही वाईट होईल का? — एक आई, घणसोली

आधी सासूबाईंबद्दल बोलते, कारण तुमच्या पत्रात त्यांच्यावर थोडा राग दिसतोय. आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या आजीकडे दुसरं होतं तरी काय हो? डॉक्टर आत, नातू आत, पैसे संपत आलेले, हातात फक्त देवी. त्या रात्री जो नवस बोलला गेला तो मायेपोटीच बोलला गेला, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना 'अंधश्रद्धा' हा शब्द तोंडातून काढू नका, तो शब्द आला की बोलणं तिथेच संपतं.

आता आपल्यात सांगितलंय का. सांगितलंय, आणि खूप जुनं सांगितलंय. ऐतरेय ब्राह्मण नावाच्या वैदिक ग्रंथात शुनःशेपाची गोष्ट आहे, ती मुळात नवसाचीच गोष्ट आहे. हरिश्चंद्र राजाला मूल नव्हतं, त्याने वरुणाला बोलला की मुलगा दे, त्याचाच यज्ञ तुला करीन. रोहित जन्मला. मग राजा पुढे ढकलत गेला, दात येऊ देत, दात पडू देत, परत येऊ देत, शस्त्र हातात धरू दे, असं करत करत मुलगा मोठा झाला आणि धनुष्य घेऊन सरळ रानात निघून गेला, आणि इकडे वरुणाच्या कोपाने राजाचं पोट पाण्याने फुगलं. रानात रोहिताला अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटला, तीन मुलं. बाप म्हणाला थोरला देणार नाही, आई म्हणाली धाकटा देणार नाही. मधला शुनःशेप शंभर गायींना विकला गेला. यज्ञात त्याला खांबाला बांधायला कुणी तयार होईना तर बापच आणखी शंभर गायी घेऊन पुढे आला, आणि कापायलाही कुणी तयार होईना तेव्हा आणखी शंभर घेऊन सुरी परजत आला. तेव्हा तो पोरगा एकेका देवाला हाका मारायला लागला, शेवटी उषेची स्तुती करता करता एकेक दोरी सुटली, आणि दोऱ्या सुटल्या तसं राजाचं पोटही उतरलं.

शेवट नीट बघा. पोरगा कापला गेला नाही तरी राजा बरा झाला, वरुण पुन्हा कोपला नाही. देवाच्या नावाने जीव मोडला जात होता तो देवांनीच वाचवला. आणि त्या पोराला नंतर विश्वामित्राने आपला मुलगा करून घेतलं, बापाकडे परत पाठवलं नाही. तुमच्या 'काही वाईट होईल का' ला माझ्याकडे याहून जुनं उत्तर नाही.

त्याच ग्रंथात अजून एक जागा आहे, ती मला फार आवडते. तिथे म्हटलंय की यज्ञाला लागणारा जो सारांश तो आधी माणसात होता, तिथून घोड्यात गेला, मग गायीत, मग मेंढीत, मग बोकडात, तिथे बराच काळ राहिला, आणि शेवटी जमिनीत शिरला आणि तांदूळ होऊन वर आला. म्हणून तांदळाचा पुरोडाश, म्हणजे यज्ञातली पिठाची पोळी, दिला की पशू दिल्यासारखंच. म्हणजे बदली नैवेद्य ही काय आजकालच्या शहरातल्या लोकांनी काढलेली पळवाट नाही, यज्ञ सांगणाऱ्यांनीच ती वाट करून ठेवलीये. बोकडाऐवजी कोहळा कापतात ती रीतही त्याच वाटेवरची.

आणि ज्ञानेश्वर माऊली. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना ते आधी यज्ञाचाच हिशोब घेतात. पाऊस नाही म्हणून लोक गांजलेत, म्हणून पर्जन्येष्टी करायची, आणि तिच्या बुडाशी काय तर पशुहिंसा. मग विचारतात, 'पेरिजे नुसधी हिंसा, तेथ उगवेल काय अहिंसा'. शेतकऱ्याला कळेल असं विचारलंय. आणि तिथेच न थांबता ते वैद्यकालाही धरतात, की एक जीव वाचवायला दुसरे जीव मारायचे हे कसलं औषध. तुमच्या मुलाला जे बघवत नाही ते माऊलींनाही बघवलं नव्हतं, एवढं त्याला सांगा, त्याला धीर येईल.

आता जेवणाचं. महाभारतात युधिष्ठिराचा अश्वमेध पार पडतो आणि तिथे अर्धं अंग सोन्याचं असलेलं मुंगूस येऊन सगळ्या ऋत्विजांसमोर म्हणतं की हा यज्ञ त्या शेरभर सातूच्या पिठाच्या तोडीचा नाही. कुठलं पीठ, तर कुरुक्षेत्रात शेतात सांडलेले दाणे वेचून जगणाऱ्या एका ब्राह्मणाच्या घरी, दुष्काळात, नवरा बायको मुलगा सून असे चौघं उपाशी असताना दारात पाहुणा आला आणि चौघांनीही आपापला वाटा त्याला दिला. त्या सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं, आणि तेव्हापासून ते उरलेल्या अर्ध्यासाठी यज्ञ यज्ञ फिरतंय. चक्रवर्ती राजाच्या सगळ्यात मोठ्या यज्ञाच्या शेवटी महाभारतकारांनी ही गोष्ट ठेवलीये, उगाच नाही ठेवली.

माझं मत विचाराल तर असं करा. कार्ल्याला जा, सासूबाईंना घेऊन जा, मुलाला आईच्या पायावर घाला, ओटी भरा, नारळ द्या, आणि बोकडाऐवजी काय देताय ते सासूबाईंच्याच तोंडून देवीला सांगू दे, कारण शब्द त्यांचा आहे, तो त्यांनीच बदलला तर त्यांच्या मनाला टोचणी राहणार नाही. उधारीवर गावजेवण घालू नका. ज्या हॉस्पिटलात मुलगा होता तिथे जिन्यावर, व्हरांड्यात रात्र रात्र बसलेले नातेवाईक तुम्ही बघितलेत, त्यातल्या जेवढ्यांना देणं तुम्हाला परवडेल तेवढ्यांना घरचा डबा नेऊन द्या, भात आणि मासळीचं कालवणही चालेल, मी शाकाहारावर लेक्चर देत नाहीये. मुलाला सोबत न्या आणि डबा त्याच्या हातून द्या.

प्रश्न : बायबलमध्ये लेवीय नावाचं पुस्तक आहे, त्यात देवच सांगतो की कुठला प्राणी, कसा कापायचा, रक्त कुठे शिंपडायचं. आणि नंतर तोच देव होशेयच्या तोंडून म्हणतो की मला हे नको. मग आधी सांगितलं कशाला? माझ्या क्लासमधला मित्र म्हणतो की हा सरळ विरोधाभास आहे, पुस्तक माणसांनी लिहिलंय त्याचा पुरावा. तुमचं काय म्हणणं? — एक विद्यार्थी, कळवा

तुझ्या मित्राने पुस्तक उघडून वाचलंय, आधी त्याला शाबासकी दे. आता दोघं मिळून अजून थोडं वाचा.

लेवीयाची पहिली सात प्रकरणं अर्पणांचीच आहेत, बरोबर. पण पाचव्या प्रकरणात बघ, ज्याला मेंढरू परवडत नाही त्याने दोन पारवे किंवा कबुतरं आणावीत, आणि ज्याला तेही परवडत नाही त्याने थोडं पीठ आणावं, त्याचंही पाप तितकंच फिटतं. म्हणजे नियमाच्या आतच गरिबासाठी दार ठेवलंय. येशूच्या जन्मानंतर मरिया आणि योसेफ मंदिरात गेले तेव्हा त्यांनी हेच पाखरांचं अर्पण केलं असं लूकच्या शुभवर्तमानात आहे, यावरून त्यांची परिस्थिती कळते. आणि याच लेवीयाच्या एकोणिसाव्या प्रकरणात 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' आहे, जे लोकांना वाटतं की नंतर कधीतरी आलं, आणि शेताचा कोपरा कापू नको, खाली पडलेलं वेचू नको, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे, हेही तिथेच. रक्ताचे नियम आणि दयेचे नियम एकाच पुस्तकात, शेजारी शेजारी.

मग संदेष्टे भडकले कशावर? आमोस वाच. हा तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा, दक्षिणेतून उत्तरेला बेथेलच्या देवळात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमची गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. का, तर हे लोक गरिबाला जोडाभर चपलांसाठी विकत होते, अमावास्या आणि शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, कधी संपतोय आणि खोट्या तराजूने धान्य कधी विकतोय याची वाट बघत होते. आणि सगळ्यात अंगावर येणारी ओळ दुसऱ्या प्रकरणात आहे, की हे लोक प्रत्येक वेदीजवळ गहाण घेतलेल्या कपड्यांवर आडवे पडतात. आता बायबलच्या निर्गम या पुस्तकात नियम आहे की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत दे, नाहीतर तो कशात झोपेल. तर ज्याचं पांघरूण परत करायचं होतं तो कुठेतरी थंडीत कुडकुडतोय आणि ते पांघरूण देवळात अंथरून हे देवाची पूजा करतायत. इथे विरोधाभास देवाच्या बोलण्यात नाही, पूजा करणाऱ्याच्या जगण्यात आहे.

यशयाच्या पहिल्याच प्रकरणात तसंच, एडक्यांच्या होमांचा मला वीट आलाय, तुमचे हात रक्ताने भरलेत, आणि मग लगेच काय करायचं तेही, अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. मीखा तर भाव वाढवत वाढवत नेतो, वासरं आणू का, हजारो एडके आणू का, तेलाच्या नद्या आणू का, माझा पहिला मुलगा देऊ का, आणि उत्तर येतं की न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवापुढे नम्रपणे चाल. बस एवढंच. मला वाटतं की माणूस भाव का वाढवतो हे मीखाला कळलं होतं. हजार एडके देणं सोपं असतं कारण ते दिले की संपलं, दया कधी संपत नाही.

आता मी तुला एक सावध करते. अशा सगळ्या ओळी एका माळेत ओवू नकोस. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात 'यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं' असं आहे, आणि लोक ते होशेयच्या शेजारी सर्रास लावतात, पण तो प्रसंग काय आहे, तर इस्राएलचा राजा शौल याने अमालेकी या शत्रू लोकांचा राजा अगाग जिवंत ठेवला आणि चांगली चांगली मेंढरं ठेवली म्हणून शमुवेल संदेष्टा चिडलाय, आणि पुढे तो अगागाला स्वतः तोडून टाकतो. तिथे दया कुठेच नाही. तो भाग वाचताना मला आजही त्रास होतो आणि तो व्हायलाच हवा असं मला वाटतं, पुस्तकावर प्रेम आहे म्हणून त्यातली कठीण पानं पटपट उलटायची नाहीत.

आणि बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक्कावन्नावं स्तोत्र. 'तुला यज्ञ आवडत नाही, मोडलेलं मन हाच देवाचा यज्ञ' असं म्हणतं, आणि शेवटच्या दोन ओळींत म्हणतं की यरुशलेमच्या भिंती उभ्या राहिल्या की मग वेदीवर गोऱ्हे येतील. शिवण न घालता दोन तुकडे तसेच शेजारी ठेवलेत. त्या लोकांना हा ताण कळत होता, त्यांनी तो लपवला नाही.

मला स्वतःला सगळ्यात पटतं ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या प्रकरणातलं. वेदीपाशी अर्पण घेऊन उभा आहेस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. अर्पण टाकून दे म्हटलेलं नाही. क्रम सांगितलाय. होशेयलाही हाच क्रम सांगायचा होता असं माझं मत आहे, आणि येशूने त्याची ती ओळ दोनदा वापरली तीही अशाच वेळी, एकदा जकातदारांबरोबर जेवायला बसल्याबद्दल लोकांनी नावं ठेवली तेव्हा, आणि एकदा भुकेल्या शिष्यांनी शब्बाथाच्या दिवशी कणसं मोडून खाल्ली तेव्हा. दोन्ही वेळी ताटाचाच प्रश्न होता बघ.

पुढे इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि यज्ञ करायला जागाच उरली नाही. यहुदी परंपरेत सांगतात की रब्बी योहानान बेन जक्काई आणि त्यांचे शिष्य यहोशुआ त्या पडक्या मंदिराजवळून चालले होते, शिष्य रडायला लागला की आमची पापं फिटायची जागाच गेली, तेव्हा रब्बी म्हणाले की रडू नको, तितकंच मोठं दुसरं प्रायश्चित्त आपल्याकडे आहे, दयेची कामं, आणि त्यांनी होशेयची हीच ओळ म्हटली. म्हणजे एक अख्खा धर्म त्या एका ओळीवर पुन्हा उभा राहिला.

आणि तो तुझ्यापासून लांब नाही. खाडी ओलांडून ठाण्यात ये, शाआर हशामाईम हे बेने इस्रायल लोकांचं सिनेगॉग १८७९ पासून आहे, मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्याकडे नवस फेडताना, शुभकार्यात, एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात, गोड पोहे, खोबरं, वर फळं, सगळे मिळून प्रार्थना म्हणतात आणि वाटून खातात. देवाचे आभार मानायचे आणि ताटात एकही जीव नाही. घणसोलीच्या ताईंनी हे वाचावं म्हणून मुद्दाम इथे लिहिलं.

प्रश्न : आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत बकरी ईदच्या आधी दरवर्षी ग्रुपवर वाद होतात. मी ही होशेयची ओळ आणि खाली 'सर्व धर्म दया शिकवतात' असं लिहून पोस्ट टाकायचं म्हणतोय. कसं वाटतं? — एक सदस्य, ठाणे पश्चिम

टाकू नका दादा, प्लीज.

होशेय स्वतःच्या लोकांशी बोलत होता. आमोस त्याच देवाच्या भक्तांशी. ज्ञानेश्वर माऊली वैदिकांशी वैदिकांच्याच ग्रंथावर बोलत होते. यातल्या एकानेही शेजारच्या धर्माच्या दारावर आपली ओळ चिकटवली नाही. ती ओळ ज्याने त्याने आपल्या घरात वापरायची असते, दुसऱ्याकडे फेकली की तिच्यात दया उरत नाही.

आणि तुमचे शेजारी जे पाळतात त्यात ही गोष्ट आधीच आहे. कुराणातल्या सूरह हजच्या सदतिसाव्या आयतीत स्वच्छ म्हटलंय की यांचं मांस आणि रक्त अल्लाहला पोचत नाही, तुमची धर्मनिष्ठा पोचते. त्याच्या आधीच्याच आयतीत आहे की स्वतः खा आणि मागणाऱ्यालाही द्या, न मागणाऱ्या गरजूलाही द्या. कुर्बानीचे तीन वाटे करायची पद्धत आहे, एक घरचा, एक नातेवाईक मित्रांचा, एक गरिबांचा. राबोडीत, मुंब्र्यात अशी कितीतरी घरं आहेत जिथे वर्षात मटण शिजतं ते त्याच दिवशी, आणि ते कुणाच्यातरी वाट्यातून आलेलं असतं. बायबलच्या स्तोत्रसंहितेत पन्नासाव्या स्तोत्रात देव म्हणतो की मला भूक लागली तर मी तुला सांगणार नाही, सगळं जग माझंच आहे. तुकोबा शेंदूर फासलेल्या, पोटासाठी रडणाऱ्या दैवतांना असंच झापतात. देव उपाशी नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे हो, ते नव्याने शिकवायची गरज नाही.

अजून एक. तुमच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात असं मला वाटतं आणि बऱ्याच जणांच्या मिसळतात. आमोस बोकडासाठी रडत नाही, तो चपलांना विकल्या गेलेल्या माणसासाठी रडतो. बोकडासाठी रडतात ते बुद्ध, महावीर, माऊली. दोन्ही दया खऱ्या, पण एकीच्या ओळी दुसरीच्या कामाला लावता येत नाहीत. तुमचा त्रास खरंच प्राण्यासाठी असेल तर तो वर्षाचे बारा महिने असायला हवा, आषाढात गटारीच्या रविवारी मटणाच्या दुकानाबाहेर रांग लागते तेव्हाही, आणि मग मी तुमच्याशी मनापासून बोलेन. त्रास स्वच्छतेचा असेल तर तो कमिटीचा विषय आहे, महापालिका ज्या जागेला परवानगी देते तिथेच व्हावं, आवारात कचरा आणि रक्त राहू नये, हे सरळ शब्दांत, सणाच्या आधी, त्या घरांत जाऊन चहा घेऊन बोला. ग्रुपवर नाही.

प्रश्न : अब्राहामाकडे देवाने मुलाचा बळी मागितला. शेवटी एडका दिला हे मान्य, पण मागितलाच कसा? असा देव दयाळू कसा म्हणायचा? मला ही गोष्ट लहानपणापासून चर्चमध्ये ऐकूनही पचत नाही. — एक वाचक, ठाणे

मलाही पचत नाही, आणि माझ्याकडे ती पचवायचं औषध नाही.

पण ही गोष्ट उत्पत्ती या पुस्तकाच्या बाविसाव्या प्रकरणात आहे, त्याच्या आधी अठरावं वाचा. तिथे देव सदोम शहर नष्ट करणार म्हणतो आणि हाच अब्राहाम, परक्यांच्या शहरासाठी, देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान असतील तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? करत करत दहावर आणतो. आणि स्वतःच्या मुलाची वेळ येते तेव्हा एक शब्द बोलत नाही, पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो. मुलगा विचारतो की बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठाय? डोंगरावरून परत येताना अब्राहामाचं नाव आहे, इसहाकाचं नाही. पुढचं प्रकरण उघडलं की सारा मेलेली. लिहिणाऱ्याने हे सगळं दिसेल असं ठेवलंय आणि त्यावर काही स्पष्टीकरण दिलेलं नाही.

कुराणातल्या गोष्टीत इब्राहीम मुलाला आधी विचारतात, मी असं स्वप्न पाहिलं, तुझं काय म्हणणं, आणि मुलगा हो म्हणतो. तिथे निदान मुलाला तोंड आहे. आणि यिर्मयाच्या सातव्या प्रकरणात देव म्हणतो की मुलं आगीत टाकायचं मी सांगितलं नव्हतं, ते माझ्या मनातही आलं नव्हतं. मी या ओळीला धरून आहे. अब्राहामाच्या गोष्टीत मला सुरी थांबवणारा आवाज खरा वाटतो, सुरी मागणारा आवाज मला समजत नाही, आणि जो कुणी म्हणेल की त्यात न समजण्यासारखं काय आहे, त्याच्या हाती मी मूल देणार नाही.

प्रश्न : ताई तुम्ही नेहमी बायबल आणि संत यांच्यावर लिहिता. बुद्धांनी यज्ञाबद्दल काय सांगितलं ते लिहा ना. — एक वाचक, ऐरोली

नक्की. दीघनिकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहात कूटदंत सुत्त आहे. कूटदंत नावाच्या श्रीमंत ब्राह्मणाने मगधातल्या खाणुमत गावी मोठा यज्ञ मांडलाय, सातशे बैल, सातशे गोऱ्हे, तेवढ्याच कालवडी, बकऱ्या, मेंढे खांबांना बांधलेत, आणि गंमत म्हणजे तो स्वतःच बुद्धांकडे येऊन विचारतो की यज्ञ नीट कसा करतात. बुद्ध त्याला हिडीसफिडीस करत नाहीत. महाविजित राजाची गोष्ट सांगतात. त्या राजाला यज्ञ करायचा होता, पण राज्यात चोऱ्या दरोडे फार होते. पुरोहित म्हणाला की आत्ता कर बसवून यज्ञ करू नका, आणि चोरांना मारून, बांधूनही हे थांबणार नाही, जे शेती करतात त्यांना बी द्या, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे चाकरीत आहेत त्यांना पगार द्या. राजाने दिलं, लोक कामाला लागले, दारं उघडी टाकून झोपायला लागले, आणि मग यज्ञ झाला, त्यात एक प्राणी कापला नाही, खांबासाठी झाड तोडलं नाही, नोकरांना मारून धमकावून राबवलं नाही, तूप तेल लोणी दही मध यांवर झाला. ऐकून कूटदंताने सगळी जनावरं सोडली, हिरवं गवत खाऊ द्या, थंड पाणी पिऊ द्या म्हणाला.

बी, भांडवल आणि पगार. आमोस आणि बुद्ध एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण घणसोलीच्या घरात जॉब गेलेला असताना बोकडाचं काय करायचं हा प्रश्न दोघांपुढे नेला तर दोघं आधी जॉबबद्दल विचारतील असं मला खात्रीने वाटतं.

आणि आपल्या भागातलं सांगायचं तर वसईजवळच्या सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडलेत, आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना, नवव्याचा नंतर १९५६ मध्ये. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, २०१४ पासून पालघरमध्ये गेलं. नववा लेख म्हणतो की लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना खूप विधी करतात, करा, पण त्यांचं फळ थोडं, खरा मंगलविधी म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, जीवांबाबत संयम, दान. आणि गिरनारच्या पहिल्या लेखात जीव मारून होम करू नका सांगताना हाच राजा हेही लिहितो की माझ्या स्वयंपाकघरात अजून दोन मोर आणि एक हरीण मारलं जातं, हरीण रोज नाही, आणि पुढे हेही थांबेल. राजा असून दगडावर हे कोरून ठेवलं, याचं मला फार कौतुक आहे.

प्रश्न : हे सगळं मुळातून वाचायचंय, कुठून सुरुवात करू? — एक गृहिणी, नौपाडा

आमोस. नऊच प्रकरणं आहेत, एका दुपारी होतं, मराठी बायबल सहज मिळतं. मग ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय, फक्त अहिंसेचा भाग, अर्थासहित प्रत घ्या आणि मोठ्याने वाचा. शुनःशेपाची गोष्ट त्यानंतर. लेवीयापासून सुरू करू नका, अडकाल.